गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : सांगवडे, कोल्हापूर, ५ जून १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायक-नट, नाटककार आणि संगीतविषयक लेखक होते. ‘संगीत मानापमान’ या नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा प्रदर्शित झालेला पहिला मराठी बोलपट होय. त्याचे संगीत टेंबे यांचे होते व त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. संगीत रंगभूमी, मूकपटाकडून बोलपटाकडे झालेले संक्रमण, ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी या चारही माध्यमांशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला अशा थोड्या मराठी कलावंतांत त्यांची गणना होते.

कोल्हापूर आणि सुरुवातीचे संस्कार

टेंबे यांचा जन्म कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला, पण ते वाढले कोल्हापुरात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे कोल्हापूर हे संगीताच्या दृष्टीने एक भाग्यवान गाव होते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्ती, नाटक, चित्रकला आणि गाणे या सर्वांना आश्रय दिला होता. १८८३ पासून तेथे गायन समाज देवल क्लब ही संस्था चालू होती. मोठे गवई कोल्हापुरात आले म्हणजे या क्लबात त्यांची बैठक होत असे, आणि राजवाड्यात ज्यांना प्रवेश नव्हता अशा तरुणांनाही ते गाणे तेथे ऐकावयास मिळे. टेंबे यांना रागदारी संगीताची पहिली ओळख देवल क्लबानेच करून दिली. ते ऋण त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे.

त्यांनी पेटीचे पद्धतशीर शिक्षण कोणाकडे घेतले नाही; बहुतांशी ते स्वतःच शिकले. त्या काळी पेटी हे नवे वाद्य होते. फ्रान्समध्ये अलेक्झांडर दबँ याने १८४० मध्ये हार्मोनियमचे स्वामित्वहक्क घेतले होते. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या दुकानाने हाताने भाता मारण्याची, जमिनीवर बसून वाजविता येईल अशी पेटी घडविली, आणि भारतीय बैठकीला साजेसे तिचे रूप ठरून गेले. महाराष्ट्रात ती कीर्तनात, नाटकात, मध्यमवर्गीय घरांच्या माडीवर अशी सर्वत्र पोहोचली. वाद्य नवे असल्यामुळे त्याला घराणे नव्हते, गुरुपरंपरा नव्हती. गंडा बांधून पेटी शिकविणारा उस्तादही नव्हता. स्वयंशिक्षित माणसाला वाव मिळाला तो याच कारणाने. गाण्याच्या जाणकार मंडळींत या वाद्याविषयी एक प्रकारचा तुच्छभाव होता, त्याचे मूळही येथेच होते.

भास्करबुवा आणि अल्लादियाखाँ

टेंबे यांच्या सांगीतिक जीवनाला वळण लागले ते भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या सहवासाने. भास्करबुवांनी बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि जयपूर-अत्रौली परंपरेचे अल्लादियाखाँ या तिघांकडे तालीम घेतली होती. तीन वेगवेगळ्या गायकी एका गळ्यात नांदविणारा असा गवई महाराष्ट्रात त्यापूर्वी झाला नव्हता. टेंबे त्यांची पेटीवर साथ करू लागले. साथीदार हा गवयाचा सर्वांत जवळचा श्रोता असतो. पुढची जागा कोणती येईल याचा अंदाज त्याला क्षणभर आधी यावा लागतो, नाही तर तो मागे पडतो. वर्षानुवर्षे असे कान लावून बसल्याने भास्करबुवांची विचार करण्याची रीत टेंबे यांच्या बोटांत उतरली.

अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूर दरबारचे गवई होते. टेंबे यांनी त्यांची रीतसर तालीम घेतली नाही. तरीही ते खाँसाहेबांनाच आपले गुरू मानीत, आणि त्यांची विद्या भास्करबुवांच्या मार्फत आपल्यापर्यंत आली असे समजत. तरुणपणी अतिरिक्त गायनाने खाँसाहेबांचा आवाज बिघडला होता. नंतर जो आवाज उरला त्याला पेलेल अशी वक्र, गुंतागुंतीची आणि अखंड लयीत गुंफलेली गायकी त्यांनी बसविली. आपल्याजवळच्या साधनाची मर्यादा ओळखून तिच्यातूनच नवी शैली काढण्याचा हा आदर्श पेटीवाल्याला विशेष जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा या दोघांचेही व्यावसायिक ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. गौहरजानच्या तबकड्या १९०२ पासून निघू लागल्या होत्या. म्हणजे यंत्र देशात आलेले होते, पण हे दोन आवाज त्यात कधी साठविले गेले नाहीत. टेंबे यांच्या पुढील लेखनाचे मोल समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पेटीवादन

साथीपासून सुरुवात करून टेंबे स्वतंत्र पेटीवादनाकडे वळले. पेटीवर सबंध राग मांडून मैफल रंगविणे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. अडचण वाद्याच्या घडणीत होती. पेटीचे सूर पट्ट्यांत कायमचे बांधलेले असतात. त्यांना मींड नाही, आंदोलन नाही. दरबारीचा हेलकावणारा गंधार किंवा तोडीचा अतिकोमल ऋषभ तिच्यात सापडत नाही, कारण सप्तकाचे बारा भाग तिथे यांत्रिक समानतेने पाडलेले असतात. गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला मात्र उडी मारावी लागते.

या अडचणीवर त्या काळात दोन प्रकारचे उपाय शोधले गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींविषयी आपले विवेचन प्रसिद्ध केले. त्याआधारे, इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने, जास्त पट्ट्यांची ‘श्रुति-हार्मोनियम’ तयार करण्यात आली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत तिच्यावर बरीच चर्चा झाली. हा वाद्य बदलण्याचा मार्ग होता. टेंबे यांनी दुसरा मार्ग धरला, वाद्य आहे तेच ठेवून वाजविण्याची रीत बदलण्याचा. भात्याच्या दाबावर स्वराचा लहानमोठेपणा ताब्यात ठेवणे, एक पट्टी सुटण्यापूर्वी पुढची हळूच बोलती करणे, कणस्वर इतके हलके लावणे की कानाला मींडेचा भास व्हावा, आणि मुख्य म्हणजे बोटांच्या कसरतीपेक्षा गायकाच्या श्वासाप्रमाणे वाक्ये तोडणे, असे या रीतीचे स्वरूप होते. गायकी अंगाने पेटी वाजविण्याची जी परंपरा पुढे महाराष्ट्रात रुजली, तिच्या आरंभी टेंबे यांचे नाव घेतले जाते. श्रुति-हार्मोनियम मात्र वस्तुसंग्रहालयाच्या वाटेने गेली.

‘मानापमान’

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकाच्या चालींचा एक साचा ठरून गेला होता. साकी, दिंडी, कामदा, कर्नाटकी वळणाच्या चाली, कीर्तनातील आणि लावणीतील धाटणी यांवर तो उभा होता. तीस वर्षांत तो प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला, आणि त्याचा ताजेपणाही ओसरला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. त्यानंतर त्यांनी आपले पहिले संगीत नाटक लिहिले, ते ‘मानापमान’. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. चाली देण्याचे काम टेंबे यांच्याकडे आले तेव्हा ते तिशीच्या आत होते.

टेंबे यांनी या नाटकासाठी उत्तर हिंदुस्थानी पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी, गझल या प्रकारांकडे धाव घेतली. मौजुद्दीनखाँ आणि गौहरजान यांच्या गाण्याचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. तो रंग त्यांनी मराठी शब्दांवर चढविला. संगीत नाटकात बहुधा चाल आधी ठरे आणि नाटककार तिच्या मापात पद बांधी. खाडिलकरांची पदरचना काही ठिकाणी खडबडीत वाटते, अन्वय ओढूनताणून लावावा लागतो, त्याचे एक कारण ही रीत आहे. परंतु प्रेक्षकांनी शब्दांकडे फारसे पाहिले नाही. नखरेल, हलकीफुलकी आणि तरीही रागाच्या चौकटीत राहणारी ही चाल मराठी कानाला नवी होती. भामिनीची भूमिका करणारे बालगंधर्व यांच्या गळ्याला ती जणू मापून बेतल्यासारखी बसली. प्रथम प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले, तरी त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही, ही हकिगत मराठी रंगभूमीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ज्या पदांनी त्या रात्री प्रेक्षक डोलले, ती गाणाऱ्याच्या घरी प्रेत होते.

‘मानापमान’च्या चाली किती लोकप्रिय झाल्या याची साक्ष दहा वर्षांनी मिळाली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत या नाटकाचा ‘संयुक्त’ प्रयोग झाला. त्यात ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर होते, तर गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन सर्वश्रेष्ठ गायक-नट एकाच नाटकात उभे करायचे तेव्हा निवड झाली ती टेंबे यांच्या चालींची.

गंधर्व नाटक मंडळी आणि शिवराज

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तिघेही तिचे भागीदार मालक होते. मराठी रंगभूमीवरील ऐश्वर्याचा मानदंड म्हणून या मंडळीचा आजही उल्लेख होतो. पण भागीदारी टिकली नाही. दोन वर्षांच्या आत टेंबे वेगळे झाले. पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, मंडळीने ‘स्वयंवर’ आणले व त्याच्या चाली भास्करबुवांनी दिल्या. ज्या मंडळीच्या उभारणीत टेंबे यांचा वाटा होता, तिच्या सर्वांत वैभवशाली नाटकाच्या वेळी ते तिच्यात नव्हते.

१९१५ मध्ये त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नाटक कंपनी चालविणे म्हणजे साठ-सत्तर माणसांचे बिऱ्हाड गावोगाव हलविणे. रेल्वेचे डबे, पडदे, स्वयंपाकी, कर्जाचे हप्ते आणि नटांचे रुसवेफुगवे हे सारे त्यात आले. संगीतकार, नट आणि मालक ही तिन्ही कामे एकट्याने ओढताना शिवराज मंडळी गंधर्व किंवा ललितकलादर्श यांच्या तोडीला पोहोचली नाही आणि काही वर्षांनी बंद पडली. टेंबे यांनी स्वतः नाटकेही लिहिली. त्यांपैकी ‘पटवर्धन’चा उल्लेख अधिक वेळा होतो. नाटककार म्हणून त्यांचे स्थान मात्र दुय्यमच मानावे लागते.

मूकपटाचे संगीत

टेंबे यांच्या चित्रपटातील कामगिरीकडे वळण्यापूर्वी मूकपटांच्या संगीताविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण ‘मूकपट’ या शब्दाने हल्लीच्या वाचकाचा गैरसमज होतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे चित्रे बोलत नव्हती, पण चित्रगृह कधीच शांत नसे. पडद्याखाली पेटी, तबला आणि जमल्यास फिडल घेऊन वादक बसत. मारामारीला द्रुत लय, विरहाला एखादी ठुमरी, देव प्रकटला की भजनाची चाल, असे ते पडद्याकडे पाहून वाजवीत. काही ठिकाणी एक माणूस उभा राहून कथा सांगे आणि पाट्या वाचून दाखवी, कारण प्रेक्षकांपैकी अनेकांना अक्षरओळख नसे.

हे संगीत कोणी लिहून ठेवले नाही. युरोप-अमेरिकेत मोठ्या मूकपटांसाठी स्वरलिपीत छापलेली संगीतरचना चित्रपटाबरोबर चित्रगृहांकडे जात असे. अलीकडे तिकडे छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्था जुन्या मूकपटांसाठी नव्याने बांधलेले संगीत प्रसिद्ध करतात. आपल्याकडे ती वाट उघडलीच नाही. प्रत्येक गावी प्रत्येक खेळाला वाजणारे संगीत वेगळे होते, आणि ते खेळ संपताच विरून गेले. त्या अनाम पेटीवाल्यांच्या बोटांतून काय वाजत असेल याचा तर्क करावयाचा झाल्यास, १९११ नंतरच्या महाराष्ट्रात ‘मानापमान’च्या चाली त्यांत वारंवार आल्या असाव्यात, असे म्हणण्यास हरकत नाही, घरोघरी पेटीवर तेव्हा त्याच वाजत होत्या.

कोल्हापुरात मूकपटांची परंपरा सुरू केली ती बाबूराव पेंटर यांनी. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणाऱ्या या चित्रकाराने महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘कीचकवधा’च्याच कथानकावर त्यांनी केलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांचा गौरव केला. याच कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे १९२९ मध्ये बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साहाय्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. ‘गोपाळकृष्ण’पासून प्रभातने सहा मूकपट काढले.

‘अयोध्येचा राजा’

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि मूकपटांचा बाजार बसला. प्रभातपुढे बोलपट काढण्यावाचून मार्ग राहिला नाही. नवा खर्च, अनोळखी यंत्रे, आणि ज्यांना आजवर फक्त हावभाव करावे लागत होते अशी नटमंडळी, असा तो पेच होता. मूकपटातले कित्येक लोकप्रिय चेहरे केवळ आवाजामुळे मागे पडले, ते याच वेळी.

प्रभातने या प्रसंगी संगीत रंगभूमीकडे वळून टेंबे यांना बोलाविले. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. ती १९३५ नंतर रूढ झाली. जो पडद्यावर दिसेल त्यानेच, कॅमेरा चालू असताना, गायले पाहिजे. ध्वनिग्राहक एखाद्या खांबाआड किंवा फुलांच्या कुंडीत लपवायचा, साथीदारांना चित्रचौकटीच्या बाहेर बसवायचे, आणि गाणे बिघडले तर सगळा प्रसंग पुन्हा चित्रित करायचा. अशा परिस्थितीत गाण्याचा नायक आणि गाण्याचा रचनाकार एकच असणे हा मोठाच फायदा होता. वयाच्या पन्नाशीत टेंबे हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाई खोटे आल्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चित्रपटात काम करावे ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती.

दिग्दर्शन शांतारामांचे होते. शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत बालनट होते. ज्या मंडळीचे टेंबे एक मालक होते, तिच्यातला मुलगा आता कॅमेऱ्यामागे उभा राहून त्यांना सूचना देत होता. ध्वनीची बाजू दामले यांनी सांभाळली. मराठी ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी तयार झाली. फाळक्यांनी मूकपटांचा आरंभ ज्या हरिश्चंद्राच्या कथेने केला, तिनेच मराठी बोलपटाचाही आरंभ झाला. हा चित्रपट सुदैवाने आजही उपलब्ध आहे. त्यातील गाणी ऐकताना नाट्यपदाची ठेवण स्पष्ट जाणवते. तान आहे, आलाप आहे. पण प्रसंग खोळंबू नये म्हणून ती आखडती घेतली आहेत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या तालावर पद वीस मिनिटे चाले, चित्रपटात ती मुभा नव्हती.

त्यानंतर प्रभातच्या ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’ (दोन्ही १९३२), ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटांचे संगीत टेंबे यांनी केले. ‘माया मच्छिंद्र’मध्ये मच्छिंद्रनाथांची भूमिकाही त्यांची होती, गोरखनाथ झाले होते मास्टर विनायक. चित्रपटासाठी स्वतंत्र संगीतविचार हवा, हे प्रभातने पुढे केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडून सिद्ध करून घेतले. टेंबे यांचे चित्रपटसंगीत त्या मानाने नाटकाच्या उंबरठ्यावरचे आहे. परंतु तो उंबरठा कोणीतरी ओलांडून दाखविणे भाग होते.

‘सैरंध्री’ आणि तबकड्या

‘सैरंध्री’ची हकिगत थोडी निराळी आहे. बाबूराव पेंटरांच्या मूकपटाचाच विषय प्रभातने रंगीत बोलपटासाठी घेतला. रंगाची प्रक्रिया भारतात होत नसल्याने चित्रपट जर्मनीला न्यावा लागला. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि चित्रपटाला यश आले नाही. मात्र याच वेळी त्यातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका जर्मनीत काढण्यात आल्या. चित्रपटातील मूळ गाणी तबकडीवर येण्याचे भारतातील पहिले उदाहरण म्हणून चित्रपटाचे इतिहासकार त्यांचा निर्देश करतात. रंगांसाठी गेलेला चित्रपट रंगात फसला आणि आवाजामुळे इतिहासात राहिला.

तबकड्यांचा धंदा तोपर्यंत जवळजवळ संपूर्णपणे ग्रामोफोन कंपनीच्या हाती होता. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही तिची मुद्रा. १९३० नंतर मात्र देशी मालकीच्या स्वतंत्र संस्था पुढे आल्या. कलकत्त्यास ‘हिंदुस्थान’ आणि ‘मेगाफोन’, तर मुंबईस १९३५ पासून ‘यंग इंडिया’. बड्या कंपनीने दुर्लक्षिलेल्या कित्येक गायकांना, भाषणांना आणि प्रादेशिक गाण्यांना अशा संस्थांनी जागा दिली. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात पदाचे तोंड, अंतरा आणि दोन-चार ताना बसवाव्या लागत. ‘मानापमान’ची पदे खेड्यापाड्यांत ज्यांनी ऐकली, त्यांनी ती बहुधा अशाच आटोपशीर रूपात ऐकली. रंगमंदिरातली तीच पदे कशी फुलत असत याची कल्पना तबकडीवरून येत नाही.

प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली. टेंबे यांचा तिच्याशी असलेला संबंध त्या सुमारास संपला. पुढे त्यांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी काम केले. तिच्या ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) या बाबूराव पेंटर दिग्दर्शित चित्रपटांना त्यांचे संगीत होते.

ग्रंथलेखन

चित्रपटांपेक्षाही टेंबे यांचे टिकाऊ कार्य त्यांच्या लेखनात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हा ग्रंथ म्हणजे एका श्रोत्याने लिहिलेला संगीताचा इतिहास आहे. कोणत्या गवयाचा आवाज कसा लागे, तो रागाची मांडणी कोठून करी, ठेका कोणता पसंत करी, त्याची खोड काय होती, हे टेंबे वादकाच्या नेमकेपणाने सांगतात. स्तुतीने ते वाहवत जात नाहीत. दोष दाखविताना मात्र त्यांची लेखणी मृदू होते. ‘माझा जीवनविहार’ (१९४८) हे त्यांचे आत्मचरित्र. नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडातील जीवन, दरबारी मैफली आणि कोल्हापूरची मंडळी यांचे त्यातले चित्रण प्रसन्न आहे. स्वतःच्या अपयशाविषयी त्यात तक्रारीचा सूर नाही.

उतारवयात त्यांनी अल्लादियाखाँचे चरित्र लिहिले. खाँसाहेबांचे १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत निधन झाले होते. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ हे पुत्र, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्या यांच्यामुळे त्यांची गायकी जिवंत होती. पण मूळ आवाज कोठेच साठविलेला नव्हता. खाँसाहेबांनी नातवाला सांगितलेल्या आठवणी प्रकाशात येण्यापूर्वी, त्यांच्याविषयी मराठीत माहिती मिळविण्याचे मुख्य साधन टेंबे यांचे पुस्तक हेच होते. भास्करबुवांच्या बाबतीतही तेच. या दोन गायकांच्या गायनाचे वर्णन करताना आज जे शब्द सर्रास वापरले जातात, त्यांतले बरेचसे टेंबे यांच्या लेखणीतून आलेले आहेत. बहुतेक वेळा ते त्यांच्या नावाशिवाय वापरले जातात.

नभोवाणी आणि पेटीवरील बंदी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवर हार्मोनियम वाजविण्यास बंदी घातली. तेव्हा लायोनेल फील्डन हे नियंत्रक होते. पेटीचे ठरीव स्वर हिंदुस्थानी संगीताची श्रुती बिघडवितात, हा आक्षेप होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा त्याला पाठिंबा होता. ज्या वाद्यावर टेंबे यांनी चाळीस वर्षे घालविली ते असे देशाच्या नभोवाणीतून हद्दपार झाले. बंदी अंशतः उठली ती १९७१ मध्ये, टेंबे यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. साथीसाठी तेव्हा पेटीला परवानगी मिळाली. स्वतंत्र वादनाला त्यानंतरही बराच काळ वाट पाहावी लागली.

आक्षेपाची शास्त्रीय बाजू चूक होती असे म्हणता येत नाही. मींड आणि आंदोलन पेटीत नाही, हे टेंबे यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नाही. त्याच पेटीच्या साथीने भास्करबुवांसारखा गवई आपली मैफल उभी करीत होता आणि त्याला तिचा अडथळा वाटत नव्हता. वाद्याचे दोष वाजविणाऱ्याच्या हातात कमी-अधिक होतात, हे कागदावरच्या श्रुतिगणितात दिसत नाही.

बंदी पेटीवर होती, टेंबे यांच्यावर नव्हती. नभोवाणीच्या माध्यमात त्यांनी वेगळी वाट काढली, ती संगीतिकांची. आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यातून उलगडणारे नाट्य, ज्यात दृश्य नाही आणि केवळ स्वरच पात्र, स्थळ व प्रसंग उभे करतात, असा हा प्रकार. ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ या त्यांच्या संगीतिका या दिशेने झालेल्या मराठीतील आरंभीच्या प्रयत्नांपैकी आहेत. रंगभूमीवर पडदे, पोशाख आणि दिवे होते. मूकपटात केवळ चित्र होते. संगीतिकेत केवळ आवाज उरला. सत्तरीच्या घरातल्या संगीतकाराने हा प्रकार हाती घ्यावा, यात त्यांच्या बुद्धीचा ताजेपणा दिसतो.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी गोविंदराव टेंबे यांचे निधन झाले. ‘मानापमान’चे प्रयोग आजही होतात, आणि त्यांतील बहुतेक पदे टेंबे यांनी १९११ मध्ये दिलेल्या चालींवरच गायली जातात.